कर्णिकांचा खोटा ठिपका

कर्णिक मशीनवर बसले की आम्हाला श्वास घ्यायची चोरी होती. "बाई, उसासे दाराकडे तोंड करून टाका!" असं हा माणूस मला चारचौघांत सुनवायचा. माझ्या श्वासानं म्हणे त्यांच्या लेझरचे पडद्यावरचे काळे-उजळ पट्टे हलायचे.

नव्वदच्या सुमारास ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमची छोटी प्रयोगशाळा होती. भिंतीला लागून प्रेसशॉप. तिथे पत्र्यावर ठोका पडला की इथे पट्टे थरथरायचे आणि कर्णिक अनवाणीच भांडायला धावायचे. "अहो, थांबवा ते बडवणं, मी प्रकाश मोजतोय!" प्रेसवाला कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "मोजा ना मंग. तुमचा उजेड मी काय खाल्लाय?"

मोजायचं होतं ते काडेपेटीएवढं लिक्विड क्रिस्टलचं पॅनेल. त्याला विजेनं चित्र दिलं की आरपार जाणारा लेझर त्याप्रमाणे बदलायचा. नमुन्याचं आणि कॅमेऱ्याखालच्या वस्तूचं, अशी दोन चित्रं जुळली तर पडद्यावर लख्ख ठिपका उमटणार आणि कारखान्यातला चुकीच्या मापाचा नट मशीन स्वतःच ओळखणार, असा मालकांचा बेत. पण किती विजेला प्रकाश किती बदलतो, हे आधी तपासायला हवं. ते काम कर्णिकांचं. "कंपनीचं माहितीपत्रक म्हणजे लग्नाचा बायोडाटा," ते खेकसायचे. "मी मोजीन तेव्हा खरं!"

त्यांनी मोजलं आणि पॅनेल अर्धवट निघालं. बराचसा प्रकाश न बदलताच सुटायचा आणि मधोमध जमायचा. म्हणजे नटासमोर नट ठेवा नाहीतर बटाटा, ठिपका पडणारच.

मालक मात्र खूश. "ठिपका दिसतोय ना? उद्या गिऱ्हाईक येतंय. अहवालावर सही करा, कर्णिक."

"नाही करणार! खोटा आहे तो!" कर्णिकांनी टेबलावर मूठ आपटली, त्यात स्वतःचीच मांडणी हलवली आणि शिव्या प्रेसशॉपला घातल्या.

मालकांनी सगळ्यांदेखत त्यांना "चक्रम म्हातारा" म्हटलं आणि दुसऱ्याच कुणाची सही घेतली. माझं डोकंच फिरलं. त्या सहीबहाद्दराशी मी पुढे कित्येक दिवस बोलले नाही. मालकांचा तर अजून संताप येतो. कर्णिकांचाही यायचा, कारण एवढा अपमान गिळूनही हा माणूस नोकरी सोडेना.

इस्टेटच्या साप्ताहिक सुट्टीला प्रेस बंद असायचा, म्हणून ते एकटेच कामाला यायचे. अशाच एका सुट्टीला मी विसरलेला चष्मा न्यायला गेले. पडद्यावर ठिपका झगझगत होता. पण आज मशीनला नट दाखवलेला नव्हता. कॅमेऱ्याखाली विशीतल्या एका मुलाचा जुना पासपोर्ट फोटो होता आणि शेजारी पेपरात छापून आलेला कुठल्याशा जत्रेतल्या गर्दीचा.

"धाकटा भाऊ," कर्णिक म्हणाले. "डोंबिवलीच्या घरातून मीच हाकलला. असाच ओरडलो होतो. पुन्हा आलाच नाही. हे मशीन खरं झालं असतं ना, तर गर्दीतून शोधला असता त्याला."

"मग हा ठिपका..."

"खोटा. मीच मोजलंय ना!"

मला भयंकर राग आला. त्या पॅनेलचा, मालकांचा, न परतणाऱ्या त्या भावाचा. मी ताडकन मशीन बंद करायच्या बटणाकडे हात नेला.

"राहू दे, बाई," कर्णिक म्हणाले. "थोडा वेळ."