रखमाजी साळिंदराची वापरलेली गाडी

एका जंगलात, मुलांनो, एकही गाडी नव्हती. गाडीवरचा कर मात्र होता. आधी कर येतो, वस्तू मागाहून येते. चांगल्या राज्याची ही खूण आहे. मागच्यांनी खुसुखुसु हसू नये, नीट ऐकावं.

त्या जंगलात रखमाजी नावाचा साळिंदर राहायचा. अंगावर एवढे काटे, पण जन्मात त्याने कुणाला एक टोचला नव्हता. त्याची बायको भागूबाई. तिचे गुडघे साफ गेलेले. बिळातून अंगणात यायचं म्हटलं तरी बिचारीला मध्ये दोनदा टेकावं लागे.

भागूबाईचा भाऊ केरबा राहायचा घाटापलीकडे, बारा कोसांवर. त्याचा एक पाय सापळ्यात सापडून निकामी झाला होता. त्यामुळे बहिणीला भावाकडे जाता येईना आणि भावाला बहिणीकडे येता येईना. चार वर्षं दोघांची भाऊबीज झाली नव्हती. दर दिवाळीला भागूबाई ओवाळायचं तबक चिंचेने लख्ख घासायची, पुसायची आणि परत फडताळात ठेवायची. बोलायची काही नाही. बायको भांडली तर नवऱ्याला झोप लागते, मुलांनो. ती गप्प राहिली की लागत नाही.

शेवटी रखमाजीने ठरवलं, गाडी घ्यायची. बारा कोस म्हणजे गाडीला काय?

नवी गाडी त्याच्या ऐपतीबाहेरची होती. पण शेजारच्या जंगलात वेगळीच तऱ्हा. तिथे गाडी दोन वर्षांची झाली की शेजारीपाजारी नाकं मुरडायचे आणि मालकाला तोंड दाखवायची चोरी व्हायची. अशाच एका लाजलेल्या खोकडाकडे पिकल्या टेंभुर्णीच्या रंगाची एक गाडी होती. रखमाजीने सोळा पायली मोहफुलं साठवली होती, चार उन्हाळे वेचून वाळवलेली. त्यातली दहा पायली मोजून त्याने गाडी घेतली. खोकडाने एका दुपारी त्याला ती चालवायला शिकवली. हॉर्न शेळीसारखा वाजायचा, पण वाजायचा.

गाडी घेऊन रखमाजी ऐटीत आपल्या जंगलाच्या नाक्यावर आला. नाका त्याच्या बिळापासून कोसभरच. दुपारी घरी पोचू, भागूबाईला आधी वाटेवरच्या वडापर्यंत एक फेरी मारून आणू, असे मांडे तो मनात खात होता.

नाक्यावर नाकेदार होते तरसराव. आता तरस म्हटलं की तुम्ही लगेच तोंडं वाकडी करता. पण हे तरसराव सज्जन होते. त्यांनी आयुष्यात एक दमडी लाच घेतली नव्हती. नाक्यावरून आजवर कुणी काही आणलंच नव्हतं, तेव्हा देणार तरी कोण? बारा वर्षांत पहिली गाडी आली म्हणून त्यांना भरून आलं. त्यांनी रखमाजीला स्वतःच्या वाट्याचा चहा दिला आणि नियमांचं पुस्तक फुंकर मारून उघडलं.

दहा पायलीत गाडी येते हे पुस्तकाला मान्य नव्हतं. पुस्तकाने नव्या गाडीची किंमत धरली आणि तिच्यावर कर लावला. गाडी वापरलेली होती म्हणून थोडी सूट दिली. मग वापरलेली गाडी धूर जास्त सोडते म्हणून ती सूट काढून घेतली. शिवाय ही गाडी दोन वर्षं परक्या जंगलात फिरली होती. तेवढी ती इथे फिरली असती तर सरकारला दोन वर्षांचा कर मिळाला असता. तो बुडाला, म्हणून तोही लावला. सगळी बेरीज झाल्यावर खाली आणखी एक पायली उरली. ही कशाची, असं रखमाजीने भीतभीत विचारलं.

“बेरीज करण्याची,” तरसराव म्हणाले.

एकूण अठरा पायली झाली. रखमाजीकडे उरली होती सहा. तो मटकन खाली बसला. तरसरावांनाही वाईट वाटलं. त्यांनी पुस्तक पुन्हा चाळलं आणि वाट काढली. नाक्यावर लेखण्या संपल्या होत्या. साळिंदराच्या काट्याची लेखणी झकास होते. एका पायलीला तीन काटे, या दराने बाकी चुकती करता येईल.

बारा पायलीचे छत्तीस काटे भागूबाईने स्वतःच्या हाताने उपटले. प्रत्येक काट्याला ती “झालं हं, झालं” म्हणायची आणि पुढचा धरायची. रखमाजीची पाठ एका बाजूने बोडकी झाली. त्या आठवड्यापासून वाटेवरचा बिबट्या त्याला थांबवून तब्येत कशी आहे म्हणून विचारू लागला.

कर भरला, पावती मिळाली. पावती रखमाजीच्याच काट्याने लिहिली होती. तरसराव म्हणाले, फक्त तपासणी राहिली, दोन दिवस गाडी इथे असू द्या.

दुसऱ्याच दिवशी वावटळ आली आणि नाक्यावरचं पळसाच्या पानांचं छप्पर उडून गेलं. आता सरकारी कागदही उडणार. तरसरावांनी तेवढ्यापुरते ते गाडीत नेऊन ठेवले. मग कागदांपाशी कुणीतरी बसायला हवं म्हणून ते स्वतः पुढच्या सीटवर बसले. मग कुणी आलं तर कळावं म्हणून दारावर ‘कचेरी’ अशी पाटी लावली. चौथ्या दिवशी रखमाजी गाडी न्यायला आला, तेव्हा सुकाणूच्या चाकाला तरसरावांचा डबा लटकत होता आणि मागच्या सीटवर निम्म्या भागात दफ्तरं रचली होती.

“साहेब, माझी गाडी?”

“गाडी तुमचीच आहे हो,” तरसराव म्हणाले. “पण कचेरी सरकारची आहे. सरकारी कचेरी खासगी इसमाच्या ताब्यात कशी देऊ, तुम्हीच सांगा.”

छप्पर कधी होईल म्हणून रखमाजीने विचारलं. नव्या छपराचा प्रस्ताव राजधानीला गेला होता. राजधानीचं उत्तरही आलं होतं, की नाक्याला चालू स्थितीतली कचेरी उपलब्ध असताना छपरावर खर्च कशाला?

रखमाजी घरी आला आणि चुलीपुढे बसून राहिला. मोहफुलं गेली, काटे गेले, गाडी आली आणि राहिली नाक्यावर. आपण जंगलातले सर्वांत मोठे गाढव आहोत असं तो म्हणाला. भागूबाई म्हणाली, गाढवाला निदान पाठीवर काहीतरी असतं. मग ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, मला नाक्यावर न्या.

एक कोस चालायला तिला सकाळपासून दुपार झाली. नाक्यावर पोचली तेव्हा ती घामाने निथळत होती. उभं राहवेना. तरसरावांनी पुस्तक पाहिलं. कचेरीत बाहेरच्यांना बसायला मनाई होती, पण अर्जदाराला बसायची मुभा होती. लगेच भागूबाईने अर्ज केला आणि मागच्या सीटवर दफ्तरांशेजारी जाऊन बसली. चार वर्षांत पहिल्यांदा तिचे गुडघे सरळ झाले. ती सीटवरून हात फिरवत राहिली. गादी मऊ आहे हो, एवढंच म्हणाली.

अर्जात एक रकाना होता, ‘वाहनाचा उद्देश’. तिथे भागूबाईने लिहून घेतलं, ‘भाऊबीज’.

तरसराव विचारात पडले. उद्देश लिहिला की त्याची जागेवर जाऊन पडताळणी करावी लागते. बाईंना खरोखर भाऊ आहे का, तो घाटापलीकडे राहतो का, बाई त्याला ओवाळतात का, हे नाकेदाराने डोळ्यांनी पाहायला हवं. त्यासाठी दौरा काढायला हवा. आणि दौरा म्हटल्यावर भत्ता आला, वर दौऱ्याचं तेल सरकारी. बारा वर्षांत तरसरावांनी कधी दौरा केला नव्हता, कारण कचेरी सोडून जायची परवानगी नव्हती.

“आता कचेरी सोडायला कशाला लागते, साहेब?” भागूबाई म्हणाली. “तिला चाकं आहेत की.”

तरसरावांनी वाकून खाली पाहिलं. खरंच होती.

झालं. दिवाळीत कचेरी दौऱ्यावर निघाली. तरसरावांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून रखमाजीची बिनपगारी चालक म्हणून नेमणूक झाली. भागूबाई अर्जदार म्हणून मागे बसली, मांडीवर तबक घेऊन. कचेरी अकराला उघडायची आणि पाचला बंद व्हायची. त्यामुळे पाच वाजले की गाडी असेल तिथे थांबायची. जेवणाच्या सुट्टीत घाटाच्या मधोमध तासभर उभी राहायची. असं करत करत बारा कोस दोन दिवसांत झाले आणि पाडव्याला बरोबर पाच वाजता कचेरी केरबाच्या दारात बंद झाली.

केरबा तीन पायांवर लंगडत बाहेर आला. भागूबाईला पाहून म्हणाला, “केवढी म्हातारी झालीस गं.” ती म्हणाली, “तू काय तरणा राहिलास?” आणि दोघं ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. त्या दिवशी राज्यात सुट्टी असायची, कारण सिंहमहाराजांना चार बहिणी होत्या. भागूबाईने केरबाला पाटावर बसवलं, ओवाळलं. मग सुट्टीवर असलेल्या तरसरावांनाही पाटावर बसवून ओवाळलं. त्यांनी सात करंज्या खाल्ल्या आणि ओवाळणीत तबकात दौऱ्याचा अर्धा भत्ता घातला. त्यांना बहीण नव्हती, असं त्यांनी खाली बघत सांगितलं.

नाक्यावर परत आल्यावर तरसराव अहवाल लिहायला बसले आणि घोटाळा लक्षात आला. भाऊबीज होताना त्यांनी पाहिली खरी, पण सुट्टीच्या दिवशी पाहिली. सुट्टीच्या दिवशी पाहिलेलं कामकाजात धरत नाहीत. आणि भाऊबीज तर दर वर्षी सुट्टीच्याच दिवशी येणार. मोठ्या दुःखाने त्यांनी शेरा मारला, ‘भाऊ आढळला नाही. पुढील दिवाळीत पुन्हा पडताळणी करावी.’

पुढल्या दिवाळीतही भाऊ आढळला नाही. त्याच्या पुढल्याही नाही. पाच दिवाळ्या झाल्या. दर दिवाळीला कचेरी घाट चढायची, केरबा दारात उभा असायचा, भागूबाई ओवाळायची, करंज्या उडायच्या आणि तरसराव परत येऊन तोच शेरा मारायचे. आता त्यांचं अक्षरही छान वळलं होतं. रखमाजीचे काटे पुन्हा उगवले. बिबट्या विचारपूस करेनासा झाला. आपली गाडी सरकारजमा आहे याचं रखमाजीला हळूहळू काही वाटेनासं झालं. उलट रोज उठून तो देवाला म्हणायचा, आमचं काम असंच अडकलेलं राहू दे रे बाबा.

पण मुलांनो, देव तरी किती जणांचं ऐकणार?

सहाव्या वर्षी, दिवाळी आठ दिवसांवर आली असताना तरसराव निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी सांबरसाहेब आले. ताठ मान, स्वच्छ नजर, एक शब्द खोटा नाही. जंगलात असा अधिकारी शंभर वर्षांत झाला नव्हता. त्यांनी पहिल्या दिवशी रखमाजीची फाइल वाचली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एका गरिबाने सगळा कर भरला आणि पाच वर्षं त्याची गाडी अडकवून ठेवली! त्यांनी भर नाक्यावर रखमाजीचे पाय धरले.

“साहेब, एवढी काही घाई नाही,” रखमाजी म्हणाला. “दिवाळी होऊ द्या.”

“एक दिवस नाही,” सांबरसाहेब म्हणाले. “उशिरा दिलेला न्याय हा न्यायच नव्हे.”

रखमाजीने हात जोडले. आमची काही तक्रार नाही म्हणाला. सांबरसाहेबांना वाटलं, पाच वर्षांच्या जाचाने बिचारा इतका खचलाय. त्यांनी स्वतःच्या शिंगांवर वासे वाहून आणले, दोन दिवसांत छप्पर घातलं, दफ्तरं हलवली, पाटी काढली आणि गाडी स्वतः ढकलत रखमाजीच्या दारात आणून उभी केली. किल्ली दोन्ही हातांनी दिली. जाताना त्यांनी फक्त एक गोष्ट सांगितली, कारण ते कुणापासून काही लपवत नसत.

या जंगलात पाच वर्षांवरची गाडी चालवायला बंदी होती. कचेरीला वय नसतं, गाडीला असतं. इतके दिवस ती कचेरी होती, म्हणून कुणी मोजलं नाही. आता ती गाडी झाली, तेव्हा मोजलं, आणि ती भरली सात वर्षांची. रखमाजीला ती ठेवता येईल, पुसता येईल, आत बसताही येईल. हलवता मात्र येणार नाही. आणि हलत नाही त्या अर्थी ती इमारत ठरते, म्हणून तिची घरपट्टी दर वर्षी नाक्यावर भरावी.

भाऊबीजेच्या दिवशी भागूबाईने करंज्या केल्या. दुपारी ती सवयीने तबक घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसली. रखमाजी पुढे बसला. गाडी त्यांची होती, कर भरलेला होता, मधे कुणीही नव्हतं. पलीकडे केरबा सकाळपासून दारात उभा असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिन्हीसांज झाली. मावळतीला बीजेची बारीक कोर दिसू लागली. भागूबाई गाडीतून उतरली, निरांजन लावलं आणि ज्यांना भाऊ नसतो त्या बायका करतात तसं तिने चंद्राला ओवाळलं. तेवढ्यात सांबरसाहेब वाटेने गेले. न्याय मिळालेलं कुटुंब सण साजरा करतंय हे पाहून त्यांना धन्य वाटलं.

तात्पर्य: कर वेळेवर भरावा, अर्ज सुवाच्य अक्षरात करावा, आणि प्रामाणिक अधिकारी येण्याच्या आत भाऊबीज उरकून घ्यावी.