तीन टायर, दोन पिना

साखर कारखान्याच्या अतिथिगृहात थंड हवेचं एकच मशीन होतं आणि ते पाझरत होतं. ते दुरुस्त झालं तर रंभाजी कायम होणार होता. मे महिना लागला होता, हंगाम संपला होता, आणि हंगामी माणसांना घरी पाठवायची यादी टाइप होऊन सहीसाठी पडून होती. तिच्यात अकरावं नाव रंभाजीचं होतं. पण शुक्रवारी दिल्लीचे एक साहेब पाहणीला येणार होते. खरेदी समितीचे प्रमुख कानिफनाथ आबा यांनी रंभाजीला बोलावून स्वच्छ सांगितलं,

"सायबाची खोली गार झाली की तू कायम. न्हाई झाली तर हंगाम संपलाच हाय."

रंभाजी पुण्यात दोन वर्षं फ्रिजच्या दुकानात राबून आला होता. त्याने मशीनचं पुढचं झाकण काढलं, नळीच्या तोंडाला साबणाचा फेस लावला आणि पाच मिनिटांत दुखणं ओळखलं. नळीवर एक व्हॉल्व्ह होता, व्हॉल्व्हमध्ये एक पिन होती, पिन झिजली होती आणि तिच्या कडेने गॅस हळूहळू जात होता. नवी पिन त्याच्या खिशातच होती.

"मग बसव की," आबा म्हणाले.

"आदी जुनी काढावी लागंल. आन जुनी नुसती काढली तर सगळा गॅस भुर्र. नवा गॅस ममईवरून याचा, पंधरा दिस. एक हत्यार मिळतंय बगा, त्ये व्हॉल्व्हवर बसवायचं. आतल्या आत पिन वडून घेतंय, मागनं कॉक बंद. गॅस हाय तिथं ऱ्हातो."

"पिन कसली असती ही?"

"आपल्या जीपच्या टायरात असती ना, तसलीच."

माणसाला समजेल असं सांगायला जाणं कारखान्यात धोक्याचं असतं. आबांना आतल्या आत, मागनं आणि कॉक यातलं काही कळलं नव्हतं. टायर मात्र कळलं. ते एकदम जाणकार झाले.

"आरं मग एवढं काय त्यात? श्रीमंत, तीन ठिकाणचे दर मागवा."

श्रीमंत वाबळे हे स्टोअरकीपर. त्यांच्या हाताखालून गेलेला कागद कोणत्याही तपासनिसाला सापडत नसे आणि सापडलाच तर त्यात दोष नसे. त्यांनी तिघांना एकच मजकूर धाडला : 'व्हॉल्व्हमधील पिन काढण्याचे हत्यार, एक नग. नमुना सोबत पाठवावा.' मजकुरात मशीनचा उल्लेख नव्हता. वस्तूचं काम लिहावं, कशासाठी ते लिहू नये, नाहीतर दुकानदार दर चढवतात, असा त्यांचा अनुभव होता.

गुरुवारच्या एसटीने तीन पार्सलं आली. कोपरगावच्या ट्रॅक्टरच्या दुकानातून बोटाएवढी एक लोखंडी चावी. नगरच्या सायकलवाल्याकडून चार तोंडांची दुसरी. आणि पुण्याहून लाकडी पेटीत, कापसात निजवलेलं, पितळेचं एक लांबट प्रकरण, त्याला बाजूला तोटीसारखा कॉक आणि मागे सरकणारा दांडा. रंभाजीने ते हातात घेतलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"ह्येच ते."

"ह्येच ते असं म्हनून चालत न्हाई," आबा म्हणाले. "सगळ्यात म्हाग हाय ते. समितीनं तपासल्याबिगर घेतलं तर उद्या सभेत मला उभं करतील. लाव मशीनला तिन्ही, बघू."

"आबा, पयलंच लावलं की गॅस संपला. मग बाकीची कशावर लावायची?"

आबांनी विचार केला. बरोबरचे दोन संचालकही विचारात पडले. मग आबांना सुचलं.

"तूच म्हनलास ना, पिन टायरासारखीच? मग टायरावर तपासू. मशीनला धक्का न्हाई."

शुक्रवारी सकाळी दहाला अतिथिगृहासमोरच्या लिंबाखाली समिती बसली. आबांना खुर्ची, संचालकांना बाक, श्रीमंतांना टेबल आणि इतिवृत्ताची वही. समोर जीप उभी होती. स्वयंपाकीण रंगुबाई दारात तांदूळ निवडत बसली होती.

पहिली चावी. रंभाजीने पुढच्या डाव्या चाकाला ती लावून दोन आटे फिरवले. पिन बंदुकीच्या गोळीसारखी उडाली, लिंबाच्या वाळल्या पाल्यात कुठेतरी गेली, आणि टायर फूस करून बसलं. धूळ उडून समितीच्या अंगावर आली. समिती खूश झाली.

"ह्येला म्हनायचं हत्यार," एक संचालक म्हणाले.

दुसरी चावी. मागचं डावं चाक. फूस. या वेळी पिन आबांच्या धोतरात पडली. आबांनी ती उचलून श्रीमंतांच्या टेबलावर ठेवली. श्रीमंतांनी लिहिलं : 'दोन्ही नमुने समाधानकारक.'

मग पितळेचं हत्यार. त्याचे आटे टायरच्या व्हॉल्व्हला बसत नव्हते म्हणून रंभाजीने आदल्या दिवशी वर्कशॉपमधून लेथवर एक जोड करून घेतला होता. तो लावला, हत्यार घट्ट केलं, दांडा आत सारला, फिरवला, हलकेच मागे ओढला, कॉक बंद केला. पाच मिनिटं गेली. आवाज नाही. धूळ नाही. टायर जसं होतं तसं.

"निघाली," रंभाजी म्हणाला.

"काय निघाली?"

"पिन."

"आन हवा?"

"हवा हाय तितंच."

"मग पिन बी हाय तितंच," आबा म्हणाले.

रंभाजीने दांडा सोडवून पिन काढली आणि टेबलावर ठेवली. "ही बगा."

आबांनी ती पाहिली, टायर पाहिलं, पुन्हा पिन पाहिली. संचालकांनी टायरला एकेक लाथ मारून पाहिली. टायर टणक होतं.

"श्रीमंत, पिना मोजा," आबा म्हणाले.

"दोन आहेत आबा."

"टायर किती बसले?"

"दोन."

"मग हिशोब मिळाला. दोन टायर, दोन पिना. तिसरी निघालीच न्हाई."

"आवो आबा, पयली पाल्यात उडाली की. तुमच्यासमोर उडाली."

"ती ही असंल. सापडली असंल कुनाला."

"कुनाला सापडली?"

"ते मला काय म्हाईत? टेबलावर हाय म्हंजे सापडलीच की."

रंभाजी पाल्यात गुडघ्यांवर बसून पिन शोधू लागला. एक संचालक त्याच्यामागे फिरत राहिले. तो दुसरीकडून पिन काढून तिथे टाकेल असा त्यांना संशय होता. पाव तास झाला. पिन मिळाली नाही.

"मावशी, तुमी तरी सांगा," रंभाजी रंगुबाईला म्हणाला. "पयली पिन उडताना तुमी बगितली."

"उडताना बगितली," रंगुबाई म्हणाली. "पडताना न्हाई बगितली. आन मी समितीत न्हाई, बाबा."

रंभाजीचा संयम संपला. "पिन निघाली का न्हाई, आत्ता कळंल," असं म्हणून त्याने पितळी हत्याराचा कॉक उघडला. फूस करून तिसरं टायर बसलं.

आबांनी सावकाश मान डोलवली.

"निघाली बरं का. पन लई येळानं निघाली."

श्रीमंतांनी वहीत लिहिलं : 'तिसरे हत्यार काम करते, परंतु सावकाश.' आणि ठराव झाला : जलद आणि स्वस्त म्हणून पहिलं हत्यार पसंत.

तेवढ्यात ड्रायव्हर सहादू चहा पिऊन आला. त्याने जीपकडे पाहिलं, मग समितीकडे.

"आबा, साडेबाराची गाडी हाय सायबाची. ठेसनावर जायचंय."

"मग जा की."

"एका चाकावर?"

जादाचं चाक एकच होतं आणि हवा भरायचा पंप कोपरगावला दुरुस्तीला गेला होता. शेवटी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, ट्रॉलीत खुर्ची ठेवली, खुर्चीवर सतरंजी टाकली आणि सहादू स्टेशनकडे गेला.

"आता दीड तास हाय," आबा रंभाजीला म्हणाले. "हत्यार मंजूर झालंय. बसव नवी पिन."

"ह्या चावीनं गॅस जाईल, आबा."

"चारचौघात चाललेलं हत्यार हाय ते. तुला काम करायचंय का घरी जायचंय?"

रंभाजीला काम करायचं होतं. त्याने एकदा पितळी हत्याराकडे पाहिलं. ते श्रीमंतांनी पेटीत घालून पेटीवर हात ठेवला होता. तो लोखंडी चावी घेऊन मशीनपाशी गेला. आबा शेजारी उभे राहिले. दोन आटे फिरले आणि फूस असा आवाज झाला, तो बराच वेळ चालला.

"आवाज बराब्बर हाय," आबा समाधानाने म्हणाले. "टायरासारखाच."

रंभाजीने नवी पिन बसवली. साहेब आले ते भुवयांपर्यंत धुळीने माखलेले. खोलीत गेले. मशीन मोठ्याने चालू होतं आणि झळा मारत होतं. दहा मिनिटांत साहेब बाहेर आले. रंगुबाईने ओसरीवर पाणी मारून ओलं गोणपाट टांगलं होतं. त्याच्याआड बाजेवर ते आडवे झाले आणि संध्याकाळपर्यंत घोरले. मशीनबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. आबांना तो न काढलेला शब्दच जास्त लागला.

शनिवारी सकाळी रंभाजीला ऑफिसात बोलावलं. यादी आबांच्या समोर होती, पेनचं टोपण काढलेलं होतं.

"खोली गार झाली न्हाई," आबा म्हणाले.

"न्हाई झाली."

"मग माजा इलाज न्हाई, बाबा."

"आबा, सही करायच्या आधी एक अडचण आहे," श्रीमंत म्हणाले आणि त्यांनी तीन पत्रं पुढे केली. "तिन्ही दुकानदारांनी खाली छापलंय, वापरलेला नमुना परत घेतला जाणार नाही. आपण तिन्ही वापरले. इतिवृत्तात तसं आहे, खाली तुमची सही आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे तिन्ही आपण घेतली. आता ती स्टोअरला जमा करून कुणाच्या तरी नावावर द्यावी लागतील. तशीच पडली तर तपासणीत विचारतील, चालवता येत नव्हती तर घेतली कशाला."

"द्या मग वर्कशॉपातल्या कुनाच्या नावावर."

"विचारलं. पितळेचं काय आहे तेच कुणाला कळत नाही. सही करायला कुणी तयार नाही. रंभाजीला कळतं, पण हंगामी माणसाच्या नावावर हत्यार देता येत नाही. नियम आहे."

आबांनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. तिन्ही हत्यारांच्या बाजूने एकदा आणि रंभाजीच्या बाजूने एकदा, असा त्यांचा विचार चालला असावा.

"कायम मानसाच्या नावावर देता येतं?"

"येतं."

आबांनी यादीतलं अकरावं नाव खोडलं. श्रीमंतांनी लगेच नेमणुकीचा कागद केला. नेमणुकीचं कारण म्हणून 'तीन हत्यारांचा ताबा' असं लिहिलं. रंभाजीने तीन ठिकाणी सह्या केल्या. त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही, पण कशाबद्दल ते त्याला नीट उमगेना. लाकडी पेटी काखेत मारून तो दारापर्यंत गेला.

"रंभाजी," आबांनी हाक मारली.

"जी?"

"तिन्ही नीट संबाळ. आन शक्यतो वापरू नगंस. तू कायम हायेस त्यांच्या जिवावर."