नारिंगी जाकिटातली बाई

"संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली आपल्या बाजूला! लिहून ठेव!" इनेझ पाचेकोने शनिवारी सकाळीच नवऱ्याला बजावलं.

"लिहिलं," टीव्हीवरची नजर न काढता व्हिन्स म्हणाला.

इनेझ काही उगाच फुशारक्या मारणारी नव्हती. गार्डेना गावच्या शाळेत ती एकवीस वर्षं ग्रंथपाल होती. पैसे नाहीत म्हणून शाळेने ग्रंथालयाला कुलूप ठोकलं, तेव्हा तिने अकराशे पुस्तकं उचलून स्वतःच्या गॅरेजात आणली. व्हिन्सने तिथे गालिचा घातला, भिंतीत खिडकी पाडली, बेसिन बसवलं. गल्लीतली पोरं दुपारभर तिथेच लोळत वाचायची. परवानगी? छे! ती काढली की वाढीव बांधकाम घराच्या किमतीत धरतात आणि घरपट्टी चढते! गॅरेजची खोली परवानगी काढून करणारा माणूस त्या गल्लीत अजून जन्मायचा होता.

नोव्हेंबरच्या मतदानात एक प्रस्ताव होता. मोठमोठ्या धंद्यांच्या जागांना आजच्या भावाने कर लावायचा आणि तो पैसा शाळांना, गावच्या कामांना द्यायचा. राहत्या घरांना धक्काही नाही. कोपऱ्यावरचं अवाढव्य गोदाम अजून १९७५च्या भावाने कर भरत होतं! प्रस्ताव पास झाला तर ग्रंथालयाचं कुलूप निघणार, असं शाळेने इनेझला सांगितलं होतं.

तिने नामी युक्ती काढली. प्रत्येक घराची रुंदी मोजायची आणि मालकाला दाखवून द्यायचं, की फुटामागे तू त्या गोदामापेक्षा जास्त भरतोस! डोंगरातल्या वणव्यांचा धूर गावावर उतरला होता, म्हणून तिने मास्क लावला. धुरात गाडीवाल्यांना दिसावं म्हणून नारिंगी जाकीट चढवलं. वर टोपी, काळा चष्मा. हातात टेप आणि कागदांचं पॅड.

पहिलं दार ऐंशी वर्षांच्या मिसेस ओनिशींचं.

"नमस्कार! मालमत्ता कराबद्दल दोन मिनिटं..."

दार धाडकन बंद!

"घरात कोणी नाही!" आतून आवाज आला.

"अहो, तुमचा आवाज येतोय!"

"मीसुद्धा नाहीये!"

शेजारचा ऑर्व्हिल टेप बघूनच पांढराफटक पडला. "गॅरेजात फक्त गाडी आहे हं!" तो न विचारताच म्हणाला. तेवढ्यात गॅरेजचं दार उघडून त्याची सासू डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली.

"जावईबापू, गरम पाणी संपलं!"

"ही... ही गाडी धुवायला येते," ऑर्व्हिल म्हणाला.

पुढच्या घरांत तर कोणी दारच उघडेना. उलट जिकडेतिकडे गॅरेजांतून पलंग, शेगड्या, कपाटं अंगणात यायला लागली. 'आज सगळ्यांनीच जुनं सामान विकायला काढलेलं दिसतंय,' इनेझने मनाशी म्हटलं आणि पुढची भिंत मोजली.

पाच वाजता ती घरी पोचली आणि जागच्या जागी थिजली. अकराशेच्या अकराशे पुस्तकं हिरवळीवर! गॅरेजात गाडी! आणि व्हिन्स उखडलेलं बेसिन छातीशी धरून उभा!

"आत ये लवकर!" तो ओरडला. "गल्लीच्या ग्रुपवर आलंय! नारिंगी जाकिटातली कोणी घरपट्टीवाली बाई टेप घेऊन..."

त्याची नजर तिच्या जाकिटावर गेली. मग टेपवर. मग पुन्हा जाकिटावर.

"इनेझ!"

तेवढ्यात हिरवळीला पाणी घालणारे फवारे सुरू झाले. रोज पाचला व्हायचे, तसेच!

इनेझने जाकीट, टोपी, चष्मा, मास्क सगळं भिरकावलं आणि जी किंकाळी फोडली, ती ऐकून अख्खी गल्ली धावत आली. कोणी फवारे बंद केले, कोणी केस वाळवायची यंत्रं आणली, कोणी लांबलचक वायरी ओढल्या. ऑर्व्हिलची सासू पान-पान सुटं करत होती. इनेझला रडूच कोसळलं. पण समोर अख्खी गल्ली उभी आहे म्हटल्यावर तिने डोळे पुसले.

"ही पुस्तकं शाळेत असती, तर भिजली असती का?" ती कडाडली. "त्या गोदामवाल्याने आजच्या भावाने कर भरला, तर जातील ती शाळेत! आणि तुमच्या घरांना कोणी हात लावणार नाही!"

"मग हे आधी कोणी सांगितलं का नाही?" ऑर्व्हिल म्हणाला. "आमची मतं तुझ्या प्रस्तावाला!"

"पण पोरी, एक अट," मिसेस ओनिशी एका ओल्या पुस्तकावर गरम वारा सोडत म्हणाल्या. "ती नारिंगी जाकिटातली बाई पुन्हा या गल्लीत फिरकता कामा नये!"

इनेझने नवऱ्याकडे पाहिलं. तो जाकिटावर फतकल मारून बसला होता.

"नाही फिरकणार," ती ठामपणे म्हणाली. "लिहून ठेवा!"

"लिहिलं," व्हिन्स म्हणाला.