एकट्यानं न वाजणारं झाड

हे मी परवापर्यंत कोणालाच सांगितलेलं नव्हतं, बायकोला तर अजूनही नाही. अमरावतीच्या आमच्या कॉलनीतल्या लोखंडी संत्र्याच्या झाडाविरुद्धचा निनावी अर्ज माझा होता.

झाड शेजारच्या वानखडे सरांचं. सर आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवून निवृत्त झाले; बायको गेल्यापासून घरी एकटेच. कुठलंही लोखंड दिसलं की बोटानं टकटक करून पाहणारा माणूस. माझ्या मुलीच्या लग्नात नवरदेवाची गाडी वाजवून म्हणाले, "पत्रा पातळ हाये."

कॉलनीच्या बगिच्यातलं हे झाड त्यांनी भंगारातून जोडलं. दोन साखळ्या दोघांनी दोन बाजूंनी एकदम ओढल्या की फुटबॉलएवढी संत्री वरखाली नाचायची, आतल्या घंटा वाजायच्या. एकट्यानं ओढलं तर ढिम्म. कोणी बिचकलं की सर म्हणायचे, "ओढ ना बे. लोखंड हाये, रुसत नाही." मोर्शीची माझी सासूसुद्धा ओढून आली.

त्रास घंटांचा नव्हता. त्याच बगिच्यात खटपट करून बाकं मी बसवली होती, आणि लोक त्यांवर बसून झाडाचं कौतुक करत. मी अर्जात 'धोकादायक' लिहिलं.

बगिचा समितीनं साखळ्यांना कुलूप घातलं. 'हात लावू नये' ही पाटी रंगवायला सरांनाच सांगितलं, कारण अक्षर त्यांचंच चांगलं. त्यांनी रंगवली. मग आठ महिने ते रोज संध्याकाळी माझ्याच बाकावर बसून पाटी वाचत. टकटक बंद झाली होती.

परवा मला राहवलं नाही. शेजारी बसून म्हणालो, "सर, तो अर्ज माझा होता."

"माईत हाये मले. समितीनं दाखवला होता."

"पण नाव तर नव्हतं."

"निनावी अर्जावर जावक क्रमांक टाकणारा मानूस कॉलनीत एकच हाये, भाऊ."

तीस वर्षं कचेरीत जावक सांभाळलं. हात आपोआप चालला असणार.

"मंग बोलले काहून नाही?" मी विचारलं.

"बोललो असतो तं तुमी तोंड लपवलं असतं. सकाळचा चहा तुमच्याचसंगं होते माहा."

मग ते झाडाकडे पाहत म्हणाले, "एकट्यानं वाजलं असतं तं घरीच ठेवलं असतं मी. मंदा गेल्यावर घरी दुसरी साखळी कोन ओढते?"

काल मी सहीनिशी अर्ज मागे घेतला. कुलूप निघालं. एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला मी. घंटा वाजल्या. परतताना सरांनी माझं फाटक टकटक करून पाहिलं.

बायकोला आज सांगणार आहे. सरांच्या आठ महिन्यांच्या संध्याकाळी मात्र मी अजून देणं लागतो.