उरलेलं सगळं

अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कर्टिस लाहतीने सकाळी साडेनऊला सासूबाईंसाठी फुलं मागवली आणि दहा वाजता ती थांबवायला त्याची धावपळ सुरू झाली.

सासूबाई, म्हणजे लेम्पी, खुब्याचं ऑपरेशन होऊन आदल्याच दिवशी घरी आल्या होत्या. गेल्या वर्षी कर्टिस त्यांचा वाढदिवस साफ विसरला, तेव्हापासून त्या त्याच्याशी अवाक्षरही बोलत नव्हत्या. "या वेळी घोळ घातलास तर उन्हाळ्यात आईच्या तळ्यावरच्या घरी पाऊल ठेवायचं नाहीस," त्याच्या बायकोने, कायसाने, बजावलं होतं. म्हणून गड्याने फुलवाल्यांसाठी स्वतःच लिहिलेल्या प्रोग्राममधून ऑर्डर दिली. 'प्रसंग' या रकान्यात भरलं: घरी परतल्याबद्दल.

"कोण गेलं रे तुझ्याकडे?" शेजारच्या टेबलावरून त्याची वरिष्ठ कोरिन म्हणाली.

"कुठे कोण गेलंय?"

"मग हे पुष्पचक्र कशाला?"

कर्टिसने संगणकाचा पडदा पाहिला. पांढरी फुलं, काळी फीत. 'तुमची आठवण सदैव राहील.'

कोरिनने कपाळावर हात मारला. "महिनाभर कंठशोष करतेय मी! प्रसंगांची पक्की यादी कर. वाढदिवस, लग्न, बाळाचा जन्म, श्रद्धांजली. बाहेरचं काही आलं की तपासणी करणाऱ्या फंक्शनने दारातच अडवायचं. तू काय म्हणालास?"

"लोकांना मोकळेपणानं लिहू दे."

"लिहिलंस ना मोकळेपणानं? भोग आता!"

वाढदिवस, लग्न, बाळ असं एकेक तपासून शेवटी त्याने प्रोग्राममध्ये लिहिलं होतं: उरलेलं सगळं श्रद्धांजली. त्या दिवशी त्याला गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जायची घाई होती ना!

त्याने दुकानात फोन लावला. "गाडी केव्हाच गेली हो," दुकानदारीण म्हणाली, "दुःखात सहभागी आहोत."

कर्टिस गाडी घेऊन सासूबाईंच्या घराकडे धावला. रस्त्यावर बर्फ, पुढे बर्फ काढणारा ट्रक बैलगाडीच्या चालीने, आणि कायसाचे चार फोन. उचलायची त्याची छाती झाली नाही.

लेम्पीच्या घरासमोर सात गाड्या होत्या. पुष्पचक्र दाराला टेकवलेलं. ते पाहून शेजारणी डोळे पुसत आत चालल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात भाजलेल्या बटाट्यांच्या गरम पदार्थाचं काचेचं भांडं; तिकडे मयताच्या घरी तेच न्यायची रीत. दारात वॉकर धरून खुद्द लेम्पी.

"ये जावईबापू," त्या म्हणाल्या. वर्षातले पहिले शब्द! "मी गेले म्हणे."

"आई, चुकलं माझं. तो प्रोग्राम..."

"गप्प बस. आत शेजारची एल्सी रडतेय. अकरा वर्षं आपल्या अंगणातला बर्फ माझ्या दारात लोटत होती, आज कबूल केलं. मला जिवंत बघून आणखीच रडली बया." लेम्पींनी नाक ओढलं. "एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं रे मला. जेवून जा."

कर्टिस ऑफिसात परतला आणि निमूटपणे पक्की यादी केली. चारच प्रसंग, पाचवा आला की लाल अक्षरात नकार. कोरिनने तऱ्हेतऱ्हेचं काहीबाही भरून पाहिलं, एकही आत शिरेना. "आता चूक व्हायची सोयच नाही," ती म्हणाली. कर्टिसच्या जिवात जीव आला.

आठवड्याने लेम्पींचा फोन आला. "उद्या एल्सीचा वाढदिवस. तिला तसलंच पुष्पचक्र पाठव, काळ्या फितीसकट."

"आता जमायचं नाही आई. वाढदिवस भरला की गुलाबच जातात."

"यादीत श्रद्धांजली आहे ना?"

"आहे."

"मग ते निवड की! तिलाही कळू दे, कोण कोण येतं ते."

कर्टिसने ते निवडलं. फंक्शनने हूं की चूं केलं नाही.