मोरूच्या लिव्हरातली धाड

"यकृताला सूज आहे," कशेळ्याच्या दवाखान्यातल्या जागृती डॉक्टर म्हणाल्या. "दारू थांबवा."

"पन ताई, दारूला काय हातपाय हायेत मारायला?" मोरूनं विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न आवडला. "मारतात आपलेच पहारेकरी. यकृतातल्या काही पेशी जंतूंवर पहारा ठेवतात. दारूनं आतडं झिरपतं, जंतूंचा कचरा यकृतात शिरतो. पहारेकरी खवळतात, रक्तातून कुमक मागवतात आणि सगळे मिळून यकृताचीच नासधूस करतात."

आपल्या पोटात एवढी धामधूम चालते आणि आपल्याला पत्ताच नाही! मोरू हरखून गेला. खच्चून भरलेल्या जीपमध्ये बसताच त्यानं बायकोला, अंबूबाईला, फोन लावला आणि इंजिनाच्या वर आवाज चढवला. "अगं अंबू, पोलीस घुसल्यात आत! दारूपायी! आनखी कुमक मागवलीय. दिसंल ते फोडत्यात! दारू बंद झाल्याबिगर हलायचे नाय ते!"

संध्याकाळी तो ओढ्यापलीकडे नागूच्या भट्टीवर निघाला. दारू सोडायचीच होती. पण पहारेकरी खवळतात तेव्हा आत काही जाणवतं का, एवढं एकदाच बघायचं होतं.

भट्टीवर चूल विझलेली, मडकी फुटलेली, सगळी दारू ओढ्यात. नागू गायब. धाड पडली म्हणे. कुणाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. प्यायला कर्जतला जावं, तर अंबूबाई बाजाराची पिशवी घेऊन जीपमध्ये शेजारीच येऊन बसायची. दारू तुटल्यानं त्याचे हात थरथरू लागले तेव्हा तिनंच त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या.

दोन महिन्यांनी रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या, "सूज उतरलीय. सोडलीत कशी?"

"मी कुठं सोडली? भट्टीवालाच मला सोडून गेला."

परतताना जीपमध्ये शेजारी नागूची बायको गोदा येऊन बसली. "मोरूभाऊ, बरं झालं त्या दिशी फोनवर वरडलात. मी मागंच बसलेले. तुमच्या घरात पोलीस घुसले, आता आमच्याकडं येनार, म्हनून तिथूनच ह्यांना फोन केला. ह्यांनी स्वताच सगळं फोडलं नि माथेरान गाठलं."

मोरूनं आ वासला. "अगं, ते पोलीस माझ्या लिव्हरात व्हते!"

गोदानं त्याच्या पोटाकडे नीट निरखून पाहिलं. मग इकडेतिकडे बघत ती हळूच म्हणाली, "ह्यांना सांगू नका हां. तिथंच हाटेलात कामाला लागल्यात, आठवड्याला घरी येत्यात. पंधरा वर्सांत पयल्यांदा मानूस घरी सरळ चालत येतोय."