निंबार्ते सरांचा टप्पा

निंबार्ते सरांवर मी लिहावं, इतकं माझं वाचन नाही, आणि क्रिकेट तर त्याहून कमी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं कुणाला दाखवून दुरुस्त करून घ्यायचीही सोय नाही. चुकलं तर माफ करावं. आणखी एक माफी मागायची आहे, पण ती सरांची आहे. ती शेवटी येईल.

सरांना कधी रस्ता विचारू नये. भंडाऱ्यात नवीन आलेला एखादा माणूस, सर मुलांना क्रिकेट शिकवतात त्या मैदानाच्या फाटकाशी थांबून कारध्याचा पूल विचारतो, सर मनापासून बोट दाखवतात आणि माणूस तहसील कचेरीत पोचतो. विकेटकीपिंग करताना सरांची बहुतेक बोटं मोडली, आणि प्रत्येक बोट आपापल्या मताने जुळलं.

असे हात असूनही सर कुठलीही वस्तू दोन्ही हातांनीच घेतात. चहाचा कप, लग्नाची पत्रिका, कंडक्टरने दिलेलं तिकीट. चालत्या एसटीत दोन्ही हात सोडून तिकीट घेतल्यामुळे ते दोनदा अनोळखी माणसांच्या मांडीवर बसले आहेत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. मुलगा उशिरा आला आणि सायकल पंक्चर झाली म्हणाला, की सर रागावत नाहीत. नुसतं म्हणतात, "टप्पा पडला, बाबू." दूधवाल्याने दुधाची शपथ घेतली, की तेच. निवडणुकीतलं भाषणही ते फाटकाशी उभ्याने ऐकतात आणि तेच म्हणून आत येतात. जमिनीला लागून आलेला झेल तो झेल नाही, तसंच बोलण्याचं, असा त्यांचा हिशेब.

मैदानावर त्यांचा एकच नियम. झेल घेणाऱ्याने स्वतःच सांगायचं, स्वच्छ घेतला की टप्पा पडला. पंचाचं नंतर. या नियमामुळे आमचा संघ जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत पहिल्याच सामन्यात बाहेर पडतो. दुसरे कोच आमच्याशी सामना लागला की एकमेकांना चहा पाजतात. पालक मुलं काढून नेतात. मी खेळत नाही, धावफलक लिहितो, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं आहे. हरल्यावर सर स्टंप उपटताना कमरेवर हात ठेवून हळूच म्हणतात, "थकलो गा आता." आणि दुसऱ्या दिवशी सहाला हजर.

मी कारध्याचा, पुलापलीकडच्या गावचा. हे कळल्यापासून संध्याकाळी सामान आवरताना सर मला कारध्याबद्दल विचारतात. वैनगंगेला पाणी किती, धानाचा रोवणा झाला का, डास आहेत का, विजेची लाइन राहते का. एवढी चौकशी आमच्या सरपंचानेही कधी केली नसेल. शेवटी ग्लोव्हजची पिशवी बांधताना, माझ्याकडे न बघता, "अन् तो?"

तो म्हणजे आमच्या शेजारचे गभणे काकाजी. मी म्हणतो, बरे आहेत. सर म्हणतात, बरं. तीन वर्षं हेच.

एकदा मैदानात पाणी साचून सराव बंद होता, त्या दिवशी सरांनी या चौकशीचं कारण सांगितलं. दोघं एका संघातले, जिवलग. काकाजी बॉलर, सर कीपर. एका अंतिम सामन्याला निवड करणारे नागपूरहून आले होते. शेवटचा फलंदाज, थोड्या धावा हव्यात. काकाजींचा चेंडू बॅटची कड घेऊन खाली आला आणि सरांनी झेपावून घेतला. पंचाचं बोट वर गेलं. काकाजी धावत येऊन सरांच्या गळ्यात पडले. आणि सर त्यांचे हात सोडवून पंचाकडे गेले व टप्पा पडल्याचं सांगितलं. फलंदाज परत आला, त्याने पुढच्याच चेंडूवर चौकार मारला आणि सामना गेला. नागपूरहून बोलावणं एकालाच आलं. सरांना. त्यांचा खरेपणा आवडला म्हणे.

नागपुरात सरांनी काही वर्षं मुख्य कीपरसाठी पाणी नेलं, सरावात बोटं मोडून घेतली आणि ते परत आले. काकाजी तोवर क्रिकेट सोडून धानाच्या बांधीत उतरले होते. ते सरांशी पुन्हा बोलले नाहीत.

"तो टप्पा माह्याशिवाय कोणीच पाह्यला नाही," सर म्हणाले. "आता तर मलेच समजत नाही, पडला होता का नाही."

यंदा दिवाळीनंतर मी सायकल आत घेत होतो, तर काकाजींनी खाटेवरून हाक मारली. तुह्या सरची टीम पुन्हा हारली म्हणते, असं खोचून विचारलं. मी सांगितलं, आमच्या कीपरनेच टप्पा पडल्याचं सांगितलं. ते खूप हसले. हसता हसता खोकला लागला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "त्याले सांगजो. तेव्हा टप्पा पडला होता. मी बॉल टाकून समोर गेलो होतो. मले साफ दिसला."

हा निरोप मी चार दिवस सांगितला नाही. एवढी मोठी गोष्ट माझ्या तोंडून कशी निघावी, हेच सुचेना. मैदानावर जायचो, धावा लिहायचो, "अन् तो?" आलं की "बरे आहेत" म्हणून सायकल काढायचो. पाचव्या दिवशी मात्र एका दमात, काकाजींच्याच शब्दांत सांगून टाकलं.

सर पिशवीची गाठ मारत होते. ती मारून झाली, त्यांनी सोडली, परत मारली.

"मंग त्यानं अपील काहून केली?"

हे मीही विचारलं होतं. "बॉलर आहो, करा लागते, म्हणाले."

"हो," सर म्हणाले. "बॉलरले करा लागते." मग, "केव्हा म्हणाला?"

"काल," मी म्हणालो.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "टप्पा पडला, बाबू."

मी चार दिवस झाल्याचं कबूल केलं. माफी मागायची होती, पण त्याआधीच त्यांनी काकाजींची तब्येत विचारली. बरे आहेत, असं ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, खोकला फार आहे.

सर पिशवी खांद्याला लावून फाटकापर्यंत आले. तिथे थांबले आणि त्यांनीच मला रस्ता विचारला. पूल उतरल्यावर त्याच्या घराले डावीकडं वळा लागते का उजवीकडं?